ऑरलँडोच्या पार्कांत कॅमेरा: राइडवर नको, हॉटेलातही नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पुण्याहून सहा जण ऑरलँडोला येताय. तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि तुमचे आई-बाबा. नव्या फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याचे आणि २४-१०५ मिलिमीटरच्या झूम लेन्सचे मिळून अडीच लाखांच्या वर गेलेत. तो राइडवर नेता येईल का, लॉकर भरवशाचे असतात का, हॉटेलातच ठेवावा का, की राइडच्या वेळी आई-बाबांकडे द्यावा?

मी टॅम्पाला राहते, ऑरलँडो गाडीने दीड तासावर. भारतातून पाहुणे आले की ही फेरी ठरलेलीच, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा माझ्याबरोबर असतो. त्यामुळे चारही प्रश्नांची उत्तरं अनुभवावरून देते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आई-बाबांकडे देऊ नका.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही हेच केलं. जुलैचा महिना होता. एका मोठ्या रोलर कोस्टरच्या बाहेर तिला बाकावर बसवलं, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर दिली आणि "अर्ध्या तासात येतो" म्हणून आत गेलो. रांग वाढली, मध्येच विजा चमकायला लागल्या म्हणून राइड थांबवली, पुन्हा सुरू केली. आम्ही बाहेर आलो तेव्हा दोन तास उलटून गेले होते. बाकावरची सावली कधीच सरकली होती, आई उन्हात बसली होती, पण जागची हलली नव्हती. बॅगेचा पट्टा तिने मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता, त्याचे वळ उठले होते. समोर वीस पावलांवर पाण्याचा नळ होता. "एवढी महाग वस्तू, ती घेऊन कुठे फिरू? तुम्ही आलात आणि मी दिसले नाही तर?" म्हणून ती पाणी प्यायला गेली नाही, बाथरूमलाही गेली नाही. तिने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. आपल्याकडच्या कुटुंबांत हे सर्रास होतं. आजी-आजोबा सात समुद्र ओलांडून येतात आणि दिवसभर बॅगा राखतात. तुमच्या आई-बाबांना जे झेपतं, आवडतं, त्यात त्यांना बरोबर घ्या. सामान सांभाळायला दुसरे मार्ग आहेत.

आता राइडचं. वेगवान कोस्टरवर कॅमेरा नेऊ नका, गळ्यात नको, जॅकेटच्या आत नको, दोन पायांच्या मध्येही नको. लोक म्हणतात, "माझा कॅमेरा आहे, पडला तर माझं नुकसान." तसं नाही. तुमची बॉडी आणि लेन्स मिळून साधारण एक किलो चारशे ग्रॅम भरेल. युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर या पार्कातला हल्क कोस्टर ताशी १०८ किलोमीटरपर्यंत जातो. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. ताशी १५० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूत जेवढा जोर असतो त्याच्या चौपटीहून जास्त जोर त्या वेगाने सुटलेल्या कॅमेऱ्यात असतो, आणि खाली किंवा मागच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. मोठ्या कोस्टरखालून चालताना कधी वर बघा. वाटेवर जाळी ताणलेली दिसते आणि तीत टोप्या, गॉगल, एखादी चप्पल अडकलेली असते. घट्ट धरून ठेवलंय असंच त्या प्रत्येकाला वाटलं होतं.

गळ्यातला पट्टा तर आणखी वाईट. खांद्यावरून किंवा मांडीवर येणारा दांडा बंद होताना तो अडकतो. कॅमेरा दांड्याच्या आत राहिला तर झटक्यासरशी तोच बरगडीत रुततो.

युनिव्हर्सलमध्ये हा निर्णय तुमच्यावर सोडलेलाच नाही. हल्कला आणि वेलोसीकोस्टरला बसण्याआधी मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. खिशातली नाणीसुद्धा चालत नाहीत, कॅमेऱ्याचं तर नावच सोडा. अशा राइडजवळ छोटे लॉकर फुकट मिळतात, तिकीट स्कॅन करून उघडतात. रांगेच्या अंदाजाने वेळ ठरवून दिलेली असते, ती उलटली की पैसे लागतात. मी वर्षानुवर्षं ते वापरतेय, एकदाही काही गेलेलं नाही. वेलोसीकोस्टरची सोय सगळ्यात चांगली: लॉकर रांगेच्या अगदी शेवटी आहेत आणि दोन्ही बाजूंनी उघडतात. बसायला जाताना एका बाजूने सामान ठेवायचं, उतरल्यावर दुसऱ्या बाजूने काढायचं. तोवर सामान जवळच राहतं. डिस्नीच्या मॅजिक किंगडममध्ये २०२३ साली ट्रॉन ही कोस्टर सुरू झाली, तिथेही अशीच सोय आहे.

पण छोटा लॉकर म्हणजे खरंच छोटा. पाठीवरची मोठी कॅमेरा बॅग त्यात जात नाही, आणि मग मोठ्या लॉकरचे पैसे भरा. म्हणून बॅग घेताना हे आधी डोक्यात ठेवा. बॉडी, त्यावर २४-१०५ आणि एक जादा बॅटरी मावेल एवढी एका खांद्यावरची छोटी बॅग पुरे. ७०-२०० ची मोठी लेन्स असेल तर ती पुण्यातच राहू द्या. ट्रायपॉडही नको. सेल्फी स्टिक डिस्नीने २०१५ पासून बंदच केली आहे.

डिस्नीत ट्रॉनसारखे अपवाद सोडले तर राइडच्या दाराशी लॉकर नसतात. एक्स्पिडिशन एव्हरेस्टला पुढ्यात जाळीचा कप्पा आहे, पण तो टोपी आणि पाण्याच्या बाटलीसाठी. त्यात कॅमेरा कोंबू नका, ती गाडी उलटीही धावते आणि ताशी ८० चा वेग गाठते. इथे तुमचा चार वर्षांचा मुलगा कामाला येईल. त्याला एव्हरेस्टवर घेणारच नाहीत, तिथे किमान उंची ११२ सेंटिमीटर लागते. ट्रॉनला १२२, वेलोसीकोस्टरला १३०, हल्कला १३७. (मुलीची उंची बूट घालून घरीच मोजून आणा. अकराव्या वर्षी १३७ म्हणजे काठावरचं काम असू शकतं, आणि तासभर उभं राहून तोंडाशी नाही म्हटलं की मुलं फार हिरमुसतात.) डिस्नीत याला रायडर स्विच म्हणतात: एक पालक मोठ्या मुलीबरोबर आत जातो, दुसरा छोट्याला घेऊन बाहेर थांबतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. आत शिरायच्या आधीच दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याला सांगायचं. कॅमेरा बाहेर थांबणाऱ्याकडे, संपला प्रश्न. युनिव्हर्सलमध्येही चाइल्ड स्वॅप आहे, पण तिथे बऱ्याच राइडना थांबायची खोली आत असते. म्हणून बाहेरून फोटो हवा असेल त्याने रांगेत जाऊच नये.

आणि राइडचा फोटो बाहेरूनच चांगला येतो, यावर मी ठाम आहे. राइडवर बसून काढलेल्या फोटोत समोरच्याचं डोकं आणि हललेलं आकाश, एवढंच येतं. वेलोसीकोस्टर शेवटी तळ्याच्या पाण्यावर गिरकी घेते, ती काठावरच्या वाटेवरून स्वच्छ दिसते. शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि दोन गाड्या नुसत्या बघून तिसरीला फोटो. मुलगी कुठल्या रांगेत बसलीय ते फोनवर आधी विचारून ठेवता येत नाही, फोन लॉकरमध्ये असतो. म्हणून आत जातानाच "शक्य असेल तर पुढची रांग माग" असं तिला सांगून ठेवा. ट्रॉन मात्र रात्री. गाड्या रंग बदलणाऱ्या छताखालून बाहेर येतात, आणि वाट जवळूनच जाते.

पाण्याच्या राइडबद्दल वेगळं सांगते, कारण माझं नुकसान तिथेच झालं. ऑरलँडोत नव्हे, दुसऱ्या एका पार्कात, ओंडक्याच्या होडीत. पाणी वरून येणार असं धरून मी कॅमेऱ्याच्या बॅगेवर रेनकोट पांघरला आणि बॅग पायाशी ठेवली. अंगावर फारसं पाणी आलंही नाही. पण होडीच्या तळाशी आधीच्या फेऱ्यांचं चार बोटं पाणी साचलेलं होतं आणि बॅगेने ते खालून शोषलं. कॅमेरा वाचला. लेन्सची फोकसची रिंग दुसऱ्या दिवशी फिरवली तर वाळू चावल्यासारखी करकरली, आणि काही महिन्यांनी आतल्या काचेवर फंगसचे तंतू दिसायला लागले. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सना धरतो तोच. डिस्नीच्याच अॅनिमल किंगडम पार्कातल्या काली रिव्हर रॅपिड्सच्या तराफ्यात मधोमध झाकणाचा कप्पा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाहेर लॉकर आहेत, ते वापरा.

जूनमध्ये दुपारी पाऊस धरूनच चाला. बॅगेत एक मोठी झिपलॉक पिशवी असू द्या, ती पावसासाठी आहेच, पण तिचा खरा उपयोग सकाळी होतो. हॉटेलची खोली एसीने गार, बाहेर दमट ऊन. गार कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि पुसाल तशी पुन्हा येते. खोलीतच कॅमेरा पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहू द्या. तोवर तिकिटं स्कॅन करून तुम्ही आत पोचलेले असता. तेवढ्या वेळात लेन्स चुकूनही काढू नका, नाहीतर वाफ सेन्सरवर बसते.

हॉटेलात ठेवून येऊ नका म्हणते, कारण कॅमेऱ्याला साजेशा राइडही भरपूर आहेत. अॅनिमल किंगडममधल्या किलिमांजारो सफारीला अगदी सकाळी जा. उघड्या गाडीतून खऱ्या प्राण्यांमधून साधारण वीस मिनिटं फिरवतात, तुमची २४-१०५ तिथे छान चालेल. रस्ता खडबडीत आहे, तेव्हा पट्टा गळ्यात घाला, इथे तो बरोबर आहे. जंगल क्रूझ, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, युनिव्हर्सलच्या दोन पार्कांमध्ये धावणारी हॉगवर्ट्स एक्स्प्रेस (हिला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतं), सगळीकडे कॅमेरा निवांत हातात घेऊन बसा. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश मारू नका. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) ६४०० पर्यंत नेलात तरी हा कॅमेरा चांगला फोटो देईल. जवळ स्वस्तातली ५० एफ १.८ लेन्स (कमी उजेडात चालणारी) असेल तर तिला बॅगेत जागा करा. आणि या सगळ्या राइडवर आई-बाबा तुमच्या शेजारी बसू शकतात. माझ्याकडचा आईचा सगळ्यात सुंदर फोटो स्मॉल वर्ल्डच्या होडीतला आहे, पुढच्या खेपेचा. बाहुल्यांचा निळा उजेड चेहऱ्यावर आणि ती चक्क टाळ्या वाजवतेय.

निघण्याआधीची कामं: बिल आणि सीरियल नंबर घेऊन मुंबई विमानतळावर जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना हा कॅमेरा बाहेरून आणलाय का यावर वाद होत नाही. त्यासाठी हाताशी वेळ ठेवा. जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत. प्रवास विम्याच्या कागदात दोन ओळी शोधून वाचा: एका वस्तूमागे किती रक्कम देतात, आणि लक्ष नसताना गेलेली वस्तू धरतात का. प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो कागदावर लिहिलेल्या तुमच्या ईमेलचा काढून ठेवा. कॅमेरा कुणाला सापडला तर ते आधी हेच बघतात. रोज रात्री फोटो उतरवून घ्या आणि सकाळी कार्ड बदला.

तारखा आणि कुठल्या दिवशी कुठलं पार्क ते कळवलंत तर आई-बाबांना धरून दिवसाचा क्रम कसा लावायचा ते सांगते. सफारी सकाळी आणि ट्रॉन रात्री, पण ती दोन वेगळ्या पार्कांत आहेत, तेव्हा दोन्ही एका दिवशी घेऊ नका.