अपग्रेडनंतर स्क्रीन काळी पडली तर

अरे, लगेच पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नकोस. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर स्क्रीन काळी पडली, तर माझा पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. तो बहुधा आधीच्या कर्नलसाठी, म्हणजे सिस्टीमच्या जुन्या गाभ्यासाठी, बांधलेला असतो. बूट मेन्यूतून सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीसाठीच्या किमान मोडमध्ये) जा, रूट म्हणजे मुख्य फाइल सिस्टीम लिहिण्याजोगी माउंट कर, आरसी डॉट कॉन्फ (rc.conf) या सेटिंग फाइलमधल्या केएलडी-लिस्टच्या (kld_list) ओळीआधी हॅश (#) टाक, म्हणजे ड्रायव्हर आपोआप लोड होणार नाही. मग रीबूट कर. मशीन उठलं की ड्रायव्हर पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधायच्या संग्रहातून, नव्याने बांध.

डिस्कवर झेडएफएस (ZFS) ही फाइल सिस्टीम असेल तर पुढच्या वेळी अपग्रेडआधी बीईसीटीएल (bectl) कमांडने बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे परत जाता येईल अशी सिस्टीमची प्रत, करून ठेव. क्षणाचं काम, मी आळस केला आणि अख्खा रविवार गेला.

यूएफएस (UFS, फ्रीबीएसडीची जुनी, साधी फाइल सिस्टीम) की झेडएफएस, यावर मंडळी चहा गार होईपर्यंत भांडतात. कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मी यूएफएसच टाकतो. आणि मदत मागताना नुसतं 'चालत नाही' नको, डीमेसेज (dmesg) या कमांडचं, म्हणजे कर्नलच्या संदेशांचं, आउटपुट अख्खं दे.