बाळाला मध, आणि बरणीतला रवा

प्रश्न : नातू अडीच महिन्यांचा आहे. आमच्याकडे बाळगुटी मधात उगाळून चाटवतात. डॉक्टर नको म्हणतात. मध खात्रीचा, महाबळेश्वरहून आणलेला आहे. उकळून घेतला तर चालेल का? (एक आजी, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही चालणार, आजी. मध कितीही अस्सल असला तरी. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत, धुळीत असतात आणि तिथून मधातही येऊ शकतात. मधात ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत; घरच्या उकळीला तर दाद देतच नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच वस्तीला असलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाकडे ही राखण अजून पुरती नसते. बीजाणू तिथे रुजले की विष तयार होतं आणि स्नायू लुळे पडत जातात. असं क्वचितच होतं, म्हणून ‘आमच्या चौघांना चाटवला, काही झालं नाही’ हेही खरंच असतं. पण झालं तर बाळाला व्हेंटिलेटर लागू शकतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नको, चोखणीला लावूनही नको.

आधीच चाटवला असेल तर घाबरू नका, लक्ष ठेवा. शी अडली, दूध ओढेना, रडणं क्षीण झालं, पापण्या जड दिसल्या, मान पुन्हा लुळी पडू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि मध दिल्याचं आपणहून सांगा.

वर्षानंतर मात्र खोकल्यावर मध खरोखर उपयोगी. पाच वर्षांपर्यंत अर्धा चमचा, पुढे अकरापर्यंत एक चमचा (चमचा म्हणजे ५ मिलि), झोपण्यापूर्वी. त्यानंतर दात घासायला लावा.

प्रश्न : थंडीत मधाला खाली रवा धरला. भेसळ असेल का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : रव्यावरून भेसळ ठरत नाही. मधातल्या पाण्याला पेलवेल त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली असते. त्यातलं ग्लुकोज कणांच्या रूपात सुटं होतं. १४ अंशांच्या आसपास हे सर्वांत लवकर होतं, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या रात्री नेमक्या तशाच. गॅस बंद करून ४०-४५ अंशांच्या, म्हणजे हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात काचेची बरणी ठेवा. पाणी निवलं की बदला, कोरड्या चमच्याने ढवळा. मायक्रोवेव्ह नको, मध कुठे थंड राहतो, कुठे करपतो आणि वास उडून जातो. काडी पेटवून पाहणं, पाण्यात थेंब सोडणं यांत दाट साखरपाकही पास होतो. खात्री प्रयोगशाळेतच होते.

रव्यापेक्षा ओला चमचा वाईट. पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या वर गेला की मध आंबू शकतो. फेस आणि आंबूस वास आला तर टाकून द्या.

प्रश्न : मधुमेहात साखरेऐवजी मध चालतो ना? (वाचक, हडपसर)

उत्तर : एका चमच्यात सुमारे ६ ग्रॅम साखर असते. ती साखरेच्याच हिशेबात धरा.