सापाचा फोटो पाठवताय? आधी हे वाचा

सोयाबीनची काढणी सुरू झाली तशी माझ्या मोबाईलवर शेतकऱ्यांकडून पिकावरच्या किडींपेक्षा सापांचेच फोटो जास्त यायला लागलेत, आणि बहुतेक फोटोत साप आधीच काठीनं ठेचलेला असतो नि खाली लिहिलेलं असतं, "साहेब, हा कोणता, विषारी आहे का?" अहो मग मारायच्या आधी विचारायचं ना. मी काय सर्पमित्र नाही, पण शिवारात फिरून जेवढं कळलंय तेवढं सांगतो, चार-पाच प्रश्न सारखे सारखे येतात तेवढेच घेतो.

पहिला प्रश्न, "घरात भिंतीवर चढत होता, अंगावर पांढरे पट्टे, मण्यार म्हणून मारला." फोटो बघितला तर कवड्या. पाली खायला घरात येतो बिचारा, म्हणून तर भिंतीवर असतो, आणि मण्यार समजून सगळ्यात जास्त हाच मरतो. फरक असा बघा, कवड्या तपकिरी रंगाचा, त्याचे पिवळट-पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं जाता जाता फिके होत जातात. मण्यारीचं उलट, अंग काळंनिळं चकचकीत, पट्टे बारीक आणि बऱ्याचदा जोडीजोडीनं, मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडं ठळक होत जातात. पण मण्यारीच्या पिल्लात पट्टे पुढंही दिसतात, त्यामुळं पट्टे मोजायला जवळ जाऊन वाकायचं नाही, लांबून कळलं तर कळलं, नाही कळलं तर मण्यारच आहे असं धरून चालायचं.

दुसरा, "भुईमूग उपटताना मातीतून जाडजूड घोणस निघाली, पण फुसफुसली नाही, सुस्त पडून होती." ही बहुतेक डुरक्या घोणस. नावात घोणस आहे म्हणून घात होतो, विष काडीचं नाही. हिची शेपटी आखूड, बोथट, एकदम संपल्यासारखी, आणि अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, डोकं त्रिकोणी, मान बारीक, आणि डिवचली की कुकरची शिट्टी व्हावी तशी फुत्कारते. पण गप्प बसलीय म्हणून डुरक्याच असं समजू नका, घोणसही कडब्याखाली गप्प पडून असते.

आता धामण. हिच्यावर जरा जास्त बोलतो कारण हिच्यामुळं माझं डोकं फिरतं. एका शेतकऱ्यानं सात फुटाची धामण मारल्याचा फोटो टाकला, आणि त्याच आठवड्यात विचारतोय गव्हात उंदीर फार झालेत, झिंक फॉस्फाईड, म्हणजे उंदराचं विष, किती टाकू! अहो तुमचं औषध तुम्हीच मारलं की. बिळात शिरून उंदीर पिल्लांसकट खाणारा साप तो. नाग समजून मारतात, पण धामणीला फणा नसतो, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, आणि माणूस दिसला की सुसाट पळते. नाग मात्र प्रत्येक वेळी फणा काढेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवा. धामण गोठ्यात येऊन म्हशीचं दूध पिते म्हणतात, पण सापाला दूध ओढायला तसं तोंडच नाही, आत वळलेले टोकदार दात, म्हैस एक लाथ घालून मोकळी होईल. दूध कमी झालं असेल तर कासदाह, म्हणजे कासेला सूज, आहे का ते बघा, नाहीतर वासरू सुटत असेल. आणि बांधावर दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून उभे राहतात, लोक त्याला नाग-धामणीची जुळण म्हणून हात जोडतात, ते बहुतेक वेळा दोन नर धामणींची कुस्ती चाललेली असते.

चौथा प्रश्न भातवाल्यांचा आणि शेततळेवाल्यांचा, "पाण्यातला नाग फणा काढून अंगावर येतो." ही दिवड. घाबरली की मान चपटी करते, लांबून फण्यासारखं दिसतं. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आणि डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. तापट आहे, पकडायला गेलात तर कडकडून चावेल, रक्त येईल, पण विषारी नाही.

कोकणातून फुरशाबद्दल विचारतात. मांजऱ्या सापाला लोक फुरसं समजतात, मांजऱ्या लांब, सडपातळ, झाडाझुडपावर चढणारा. फुरसं छोटं, जमिनीवर वेटोळं करून अंग अंगावर घासतं आणि करकर आवाज काढतं. तो आवाज आला की मागं सरा, निरखत बसू नका.

शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. "साप बिनविषारी वाटतोय, चावलाय, दवाखान्यात जायचं का?" जायचंच. वरचं सगळं साप वाचवायला सांगितलंय, दवाखाना वाचवायला नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, दोन दात उमटलेलेही कधी दिसत नाहीत, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. आवळपट्टी, चिरा, मंत्र काही नको, चावलेला हातपाय हलवू न देता 108 ला फोन आणि सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चावल्यानंतर द्यायचं एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, त्यामुळं साप मारून पिशवीतून न्यायची गरज नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

साप घरात असेल तर वनविभागाचा 1926 नंबर लावा, मारणं हा वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट, बॅटरी आणि हातात काठी, काठी आपटत चालायला. आणि फोटो पाठवायचाच असेल तर जिवंत सापाचा, लांबून, झूम करून पाठवा, हललेला आला तरी चालेल.