खांड बुजवायची की तिवरं राखायची?

प्रश्न : आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. खाडीकडच्या बांधाला दोन खांडी (भगदाडं) गेल्या त्याला बारा वर्षं झाली. जवळपास 40 हेक्टर भातशेती खाऱ्या पाण्याखाली आहे, खाडीच्या अंगाला तिवरं (कांदळवन) माजलीत. ठेकेदार दुरुस्तीचा खर्च 1 कोटी 20 लाख सांगतो. गावात दोन तट पडलेत : एक म्हणतो भातासाठी एवढा पैसा परवडत नाही, दुसरा म्हणतो वाडवडिलांची जमीन सोडायची नाही. त्यात एक एजंट तिवरांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणून मागे लागलाय. हिशेब मांडायचा कसा?
– एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : नोकरीतली बरीच वर्षं मी असल्याच बांधांवर काढली, त्यामुळे तुमचे दोन्ही तट माझ्या ओळखीचे आहेत. आधी भाताचंच बघू. हेक्टरी 25 क्विंटल धरा, 2024-25 चा हमीभाव 2300 रुपये. म्हणजे हेक्टरी 57,500. मजुरी, बी, खत वजा जाता निम्मे हातात राहिले तरी नशीब. 40 हेक्टरचे वर्षाला साडेअकरा लाख. खर्च फिटायला, व्याज न धरता, दहा वर्षांहून जास्त. शिवाय बांध झाला म्हणून लगेच रहू (मोड आणलेलं भाताचं बी) टाकता येत नाही. दोन-तीन पावसाळे गोडं पाणी शेतात तुंबवायचं, चिखल करायचा आणि ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) मीठ बाहेर काढायचं, तेव्हा कुठे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे खारं सोसणारे वाणसुद्धा धड पोटऱ्यात येतात. तेव्हा भातापुरतं बोलायचं तर पहिल्या तटाचं बरोबर आहे.

पण बांध फक्त भात राखत नाही. खांडी गेल्यावर गावातल्या किती विहिरी मचूळ झाल्या, टँकरवर वर्षाला किती जातात, पेंढ्याअभावी किती गुरं विकली, घरामागच्या किती तळ्यांतला जिताडा मासा गेला, हे घरटी विचारून लिहून काढा. या गोष्टी ठेकेदाराच्या कागदावर येत नाहीत आणि सरकारी प्रस्तावातही अर्ध्याच येतात. माझा अनुभव असा की टँकर आणि तळी मिळून होणारी रक्कम ऐकून गावकरीच चकित होतात.

एक गोष्ट मात्र फायद्याच्या बाजूला लिहू नका : जमिनीचा भाव. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून खारेपाटातल्या गुंठ्याचा भाव मुंबई ठरवते, भात नाही. तो पैसा विकणाऱ्याचा. बांध राखणाऱ्याला त्यातला रुपया मिळत नाही.

आता तिवरांचं. ओडिशात 1999 चं महाचक्रीवादळ झालं, त्यानंतर भितरकनिकाच्या परिसरातल्या तीन गावांचा अभ्यास रुची बडोला आणि एस. ए. हुसैन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. कांदळवनाच्या आडोशाच्या गावात घरटी नुकसान सुमारे 33 डॉलर, ना बांध ना कांदळवन अशा गावात 44, आणि नुसता बांध असलेल्या गावात 154. सर्वांत जास्त फटका बांधवाल्यांना! बांध फुटून पाणी आत आलं आणि मग त्याच बांधाने ते बाहेर जाऊ दिलं नाही. म्हणून बांध नकोच, असं मी म्हणणार नाही. बांधापुढे तिवरं हवीत आणि आतलं पाणी काढायला चालू उघाडी हवी.

तिवरं तोडून जुन्या रेषेवर बांध घालायचा बेत असेल तर तो सोडा. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने खासगी जमिनीतली तिवरंही तोडता येत नाहीत. सार्वजनिक कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. तिवरांच्या पट्ट्यामागे, मोकळ्या जागेतून नवी रेषा धरता येते का ते मोजणी करून बघा. लाटेचा मार तिवरं खातील, दगडी पिचिंग कमी लागेल, लांबीही बहुधा घटेल. मात्र सरकारी खारभूमी खात्याकडून रेषा मंजूर करून घेतल्याशिवाय माती टाकू नका.

खरं भांडण इथेच आहे : ज्यांची शेतं नव्या बांधाबाहेर राहतील त्यांचं काय? खोतांविरुद्ध कुळांनी केलेला चरीचा संप 1933 पासून सहा वर्षं चालला तो याच खारेपाटात. माती टाकणारा एक आणि कणगी भरणारा दुसरा, हे तुमच्या आजोबांनी पाहिलंय. तेव्हा बाहेर राहणाऱ्यांना उघाडीवरच्या मासेमारीत पहिला हक्क द्या आणि तसा ग्रामसभेचा ठराव करा. राज्याच्या 2017 च्या कांदळवन उपजीविका योजनेत खेकडा आणि जिताडा पालनाला अनुदान आहे, त्याचे गट याच घरांचे करा.

देखभालीचा पैसा कुठून? गोव्याच्या खाजणांत, म्हणजे तिथल्या खारजमिनीत, मानशीवरच्या (उघाडीवरच्या) मासेमारीचा लिलाव होतो आणि त्यातून बांध राखण्याची जुनी रीत आहे. फक्त सांभाळा : मासळीच्या लोभाने लिलाव घेणारा खारं पाणी आत घेतो आणि भात मरतं. उघाडीच्या फळ्यांची किल्ली शेतकऱ्यांच्याच हातात ठेवा. बांध मोडतो तो उधाणाच्या एका रात्रीत नव्हे, खेकड्याच्या बिळापासून. बीळ दिसल्या दिवशी चिखलाचा गोळा ठोसणारा माणूस वर्षाच्या पगारावर ठेवा, कोटीची खांड टळते. आणि मोठी खांड बुजवायची ती भांगावर, पाणी कमी चढतं तेव्हा. उधाणाच्या तोंडावर माती टाकणारा ठेकेदार दिसला तर बिल थांबवा.

कार्बनवाल्याला एकच विचारा : जी तिवरं आपोआप उगवली आणि कायद्याने तोडताच येत नाहीत, त्यांचे पैसे कोण कशाला देईल? पैसे मिळतात ते तुमच्या प्रयत्नाने जे जादा उभं राहतं त्याचे. नवी लागवड करणार असाल तर बोलणी करा, पण अशा करारांची मुदत पंचवीस-तीस वर्षांची असू शकते. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, मुंबईच्या चुलत्यांसकट, आधी मिळतायत का ते बघा.