बादलीत मातीशिवाय लावलेला पालक पिवळा का पडतो, मुळं का कुजतात?

तुम्ही लिहिलंय की गॅलरीत २० लिटरच्या रंगाच्या बादलीत पंप न लावता पालक लावलाय, खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) घालता आणि पाणी रोज काठोकाठ भरता. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, मुळं तपकिरी होऊन वास येतोय. इथे दोन वेगळे घोळ झालेत. आधी मुळांचं बघू, कारण झाड त्यानंच लवकर जातं.

पंपाशिवायची ही पद्धत हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावानं ओळखली जाते, आणि तिचा सगळा जीव बादलीतल्या रिकाम्या जागेत आहे. सुरुवातीला झाकणात बसवलेल्या जाळीच्या कुंडीचा तळ जेमतेम एक सेंटिमीटर बुडेल इतकंच द्रावण भरायचं. झाड पाणी पीत जातं, पातळी उतरते आणि वर उघड्या पडलेल्या मुळांवर पांढरी, लोकरीसारखी लव येते. ही मुळं हवेतला ऑक्सिजन घेतात, खालची पाणी आणि अन्न ओढतात. तुम्ही रोज पातळी पुन्हा वर नेता तेव्हा ती लव बुडते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात एप्रिल-मेमध्ये पाणी २८ अंशांच्या वर गेलं की आणखी कमी. मुळं गुदमरतात आणि पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची कूज धरते. भर घालायचीच झाली तर बादलीच्या निम्म्याच्या वर जाऊ नका. वरची मुळं पाण्याबाहेर, हवेतच राहिली पाहिजेत.

आता पिवळेपणा. १९:१९:१९ मातीतल्या पिकांना चांगलं खत आहे, पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करून देतात. तुमच्या बादलीत ती माणसं कामावरच नाहीत! शिवाय त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं. म्हणून घट्ट द्रावणाचे दोन साठे करून ठेवा.

‘अ’ बाटली, एक लिटर पाण्यात: कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम, १२ टक्क्यांचं चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह (ईडीटीए) २ ग्रॅम.
‘ब’ बाटली, एक लिटर पाण्यात: १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ३५ ग्रॅम, ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, आणि हायड्रोपोनिक्सचं सूक्ष्मअन्नद्रव्य, पाकिटावर १०० लिटरला जितकं सांगितलंय तितकं.

दर लिटर पाण्याला दोन्हींतलं १०-१० मिलि. आधी ‘अ’ घालून ढवळा, मग ‘ब’. दोन्ही साठे एकमेकांत सरळ कधीही ओतू नका. कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी जुळून पांढरा साका तळाला बसतो आणि तो झाडाच्या काहीच उपयोगाचा नाही. द्रावणाचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं वीजवहनावरून काढलेलं माप, साधारण दीड ते पावणेदोन (mS/cm) येईल, त्यात तुमच्या पाण्याची स्वतःची भर पडेल. मीटर ईसीऐवजी पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग क्षार) दाखवत असेल तर तो ५०० च्या मापावर आहे की ७०० च्या, हे आधी तपासा. १.६ ईसी म्हणजे पहिल्यावर ८००, दुसऱ्यावर ११२०.

पीएच, म्हणजे द्रावणाच्या आम्लपणाचं माप, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. बोअरचं पाणी असेल तर तो सारखा वर चढतो, आणि साडेसहाच्या पुढे हे लोह झाडाला नीट मिळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी, जुनी, खालची पानं आधी पिवळी, तर नत्र कमी. पीएच उतरवायला पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबानं घाला, हातमोजे घालूनच. लिंबूसत्त्वानं पीएच उतरतो खरा, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत तो पुन्हा वर येतो.

आत्ताच्या झाडांचं काय? निम्म्याहून जास्त मुळं मऊ, तपकिरी असतील तर वाचवत बसू नका. बादली ब्लीचच्या पाण्यानं घासून, खळखळून धुवा आणि नव्यानं बी टाका. आपला देशी पालक बीटच्या कुळातला आहे. त्याचं एकेक ‘बी’ म्हणजे बियांचा गुच्छ असतो, त्यामुळे एकातून दोन-तीन रोपं येतात. रात्रभर भिजवा, धुतलेल्या कोकोपीटमध्ये पेरा आणि प्रत्येक कुंडीत दोनच रोपं ठेवा. जास्तीची उपटू नका, कात्रीनं कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात. २० लिटरला चार कुंड्या पुरे.

बादलीत उजेड शिरला की शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. झाकणातली प्रत्येक फट स्पंजच्या तुकड्यानं बुजवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि महिनाभर न हललेली बादली त्यांना फारच सोयीची. आठवड्यातून एकदा झाकण उचलून टॉर्चनं पाण्यावर नजर टाका. अळ्या वळवळताना दिसल्या तर द्रावण त्याच दिवशी कोरड्या, उन्हातल्या जमिनीवर ओतून टाका. गटारात ओतलं तर त्या तिथे वाढतील.