शेतातलं सुडोमोनास तोडलेल्या स्ट्रॉबेरीवर मारायचं का?

प्रश्न: सर, महाबळेश्वर तालुक्यात आमची थोडी स्ट्रॉबेरी आहे. रोपाला ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी बुरशी), सुडोमोनास (रोग रोखणारा जिवाणू) आणि जीवामृत देतो, रिझल्ट चांगलाय. पुण्याचं एक गिऱ्हाईक विचारत होतं की फळावर पोट बिघडवणारे बॅक्टेरिया असतात का, तुम्ही धुता का. धुतलं तर माल टिकत नाही. मग डबीत भरायच्या आधी हेच चांगले जिवाणू फळावर फवारले तर? – एक शेतकरी ताई

उत्तर: ताई, विचार बरोबर आहे पण तुमच्याकडचं औषध त्या कामाचं नाही, तोडलेल्या फळावर अजिबात मारू नका.

चांगला जिवाणू फळावर जागा अडवतो. देठाशी नाहीतर खरचटलेल्या जागी जो गोड रस सुटतो तो आधी हाच खातो, मागून येणाऱ्याला काही उरत नाही. दह्यातल्या जिवाणूंचे काही भाऊबंद आम्ल आणि बॅक्टेरिओसिन नावाची प्रथिनं सोडतात, त्याने लिस्टेरियासारखे अन्नातून आजार आणणारे बॅक्टेरिया मरतात. अमेरिकेत सफरचंद-नाशपातीसाठी १९९५ पासून असं एक औषध आहे, त्यात सुडोमोनास सिरिंजीचा निवडून काढलेला स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असतो, आणि याच सिरिंजीचे दुसरे स्ट्रेन टोमॅटोवर ठिपके आणतात, म्हणजे नाव एक म्हणून काम एक असं धरून चालत नाही. शिवाय तेही फळ सडवणाऱ्या बुरशीसाठी आहे, माणसाला आजारी पाडणाऱ्या बॅक्टेरियासाठी नाही. तुमच्या पुड्यातलं सुडोमोनास माती आणि रोपासाठी, लगेच खायच्या फळासाठी नव्हे.

मला खरी काळजी जीवामृताची वाटते. त्यात शेण आलं आणि ई-कोलाय हा बॅक्टेरिया राहतो जनावराच्या आतड्यात, त्याचे काही प्रकार माणसाचं पोट बिघडवतात. स्ट्रॉबेरीला सोलायला साल नाही, फळ जमिनीलगत, आणि पर्यटक गाडी थांबवून डबी उघडतात ते तशीच तोंडात टाकतात. त्यामुळे फळ लागल्यावर जीवामृत वरून फवारणं पूर्ण बंद करा, फळाला शिंतोडासुद्धा लागता कामा नये.

कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं की सगळं मरतं असं बरेच जण समजतात, तसं नाही, लिस्टेरिया थंडीतही हळूहळू वाढतो. २०११ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका शेतातल्या लिस्टेरिया लागलेल्या खरबुजांमुळे ३३ माणसं गेली, तपासात काय निघालं तर पॅकिंगच्या जागी साचलेलं पाणी आणि नीट धुता न येणारी मशीन. म्हणून आधी तुमची शेड बघा. तोडणीच्या बायकांना साबण, स्वच्छ पाणी आणि जवळ संडास पाहिजेच, जुलाब लागलेल्या माणसाला त्या दिवशी फळाला हात लावू देऊ नका, ट्रे मातीवर टेकवू नका, खरचटलेलं फळ डबीत नको. तोडणी सकाळी गारव्यात आणि माल लगेच सावलीत.

आणि हो, तुम्ही धुवू नका. गिऱ्हाइकाला सरळ सांगा की धुतलेलं नाही, डबीवर तशी चिठ्ठीच लावा: खायच्या आधी देठासकट वाहत्या पाण्याखाली धुवा.