घाटमाथ्यावरची चराई : तारीख सोडा, गवत बघून जनावरं सोडा

नमस्कार मंडळी. पावसाच्या तोंडावर पाटण-जावळीच्या धनगरवाड्यांवरून आणि माण-खटावच्या मेंढपाळांकडून बरेच प्रश्न आलेत, प्रत्येकाला वेगळं लिहीत बसलो तर मृग निघून जाईल म्हणून सगळ्यांना एकत्रच सांगतोय.

सगळ्यात जास्त लोकांनी विचारलंय ते हे, की २०२५ ला मे महिन्यातच पाऊस आला, डोंगर हिरवा दिसला म्हणून म्हशी वर सोडल्या, आणि नंतर पावसाळाभर गवत गुडघ्याएवढंसुद्धा झालं नाही, असं का झालं? त्या वर्षी २५ मे लाच मान्सून महाराष्ट्रात आला होता, कोकणात उतरलेल्या मेंढपाळांची बिऱ्हाडं तर अजून वाटेतच होती, आणि मग जूनच्या सुरवातीला पावसाने ओढ दिली. आता बघा, मारवेल, पवन्या, डोंगरी ही आपली चांगली गवतं बहुवार्षिक आहेत, उन्हाळ्यात ती वरून वाळतात पण मुळात ताकद साठवून ठेवलेली असते, पहिला कोंब त्या साठ्यावर फुटतो. तो कोंब जनावराने लगेच खाल्ला की गवत परत साठ्यातनं काढून दुसरा कोंब फोडतं, तोही खाल्ला आणि वर पावसाची ओढ बसली की ठोंबच, म्हणजे मुळासकट अख्खा झुपकाच मरतो. त्या जागी मग कुसळ नाहीतर गाजर गवत येतं. म्हणजे अख्ख्या वर्षाचं नुकसान पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतं आणि आपल्याला ते कळतं दिवाळीला.

म्हणून आमचे वडील मृगाला सोडायचे, आम्ही पण मृगाला सोडतो, हा हिशोब आता चालणार नाही. दोन गोष्टी बघा. गवत वीतभर झालंय का, आणि टाच जोरात दाबली तर खड्ड्यात पाणी साचतंय का. गवत आखूड असेल किंवा पाणी साचत असेल तर थांबा, कारण ओल्या उतारावर म्हशीचं खूर बसलं की माती सुटते, आणि २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला तसला पाऊस आला की ती माती खाली कोयनेत. बाहेर काढताना पण गवताचंच माप बघा, चार बोटं राहिलं की जनावर पुढच्या तुकड्यात न्यायचं.

यावर पाटणच्या एका दादांनी लिहिलंय, "साहेब, थांबायचं खरं, पण तोपर्यंत जनावरांना खायला काय घालू?" रास्त प्रश्न आहे. याचं उत्तर आदल्या ऑक्टोबरात असतं. आपल्याकडे गवत पार वाळून पिवळं पडल्यावर कापायची सवय आहे, तेव्हा त्यात कस राहत नाही, पोट भरतं पण दूध वाढत नाही. फुलोऱ्यात आलं की उघडीप बघून कापा, सावलीत वाळवा, आणि जून-जुलैसाठी म्हणून एक गंज वेगळी ठेवा जिला उन्हाळ्यात हात लावायचा नाही (हे सगळ्यात अवघड आहे, मला माहिती आहे).

किती गवत आहे ते अंदाजाने धरू नका. पावसाळा संपला की चार-पाच ठिकाणी एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखून गवत कापा, वाळवून वजन करा, सरासरी काढा. समजा पाव किलो आलं, तर एकराला साधारण हजार किलो झालं, त्यातलं निम्मंच आपलं, निम्मं जमिनीसाठी सोडायचं. उरलं ५०० किलो, एक म्हैस दिवसाला १० किलो वाळलेलं खाते असं धरलं तर एका एकरात एका म्हशीचे ५० दिवस. पाच-सहा मेंढ्या म्हणजे एक मोठं जनावर धरा. हा हिशोब वाडीतल्या सगळ्यांनी एकत्र बसून करा, कारण एकाने जनावरं आवरली आणि शेजाऱ्याने तिथंच घातली तर काय उपयोग.

डोंगराचे ओढे-सोंडा बघून चार तुकडे करा, त्यातला एक तुकडा बी गळेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पूर्ण बंद, पुढच्या वर्षी दुसरा. पण डोंगर कायमचा बंद करणं पण मला पटत नाही, कासच्या पठारावर कुंपण घालून गुरं बंद केली होती आणि पुढं ते कुंपण काढावं लागलं. माफक चराई डोंगराला लागतेच.

जावळीतनं वणव्याबद्दल विचारलंय, जाळल्यावर कोवळं गवत येतं ना? येतं, पण आगीत टिकतं ते कुसळ, चांगलं गवत दरवर्षी मागं हटतं, आणि जमीन उघडी पडते. राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे ते वेगळंच. त्यापेक्षा घाणेरी आणि रानमोडी ही माजलेली झुडपं पावसाच्या आधी मुळासकट उपटा, घाणेरी खाल्ली तर जनावराचं लिव्हर जातं. मोकळ्या झालेल्या जागेत मारवेलची ठोंबं लावा, उतारावर स्टायलो हे चाऱ्याचं पीक टाका, पाणी उकळून जरा निवलं की त्यात त्याचं बी चार-पाच मिनिटं बुडवून मग पेरायचं, नाहीतर उगवतच नाही.

मेंढपाळ मंडळींसाठी. डिसेंबर २०२१ च्या अवकाळीत जुन्नर-आंबेगाव-शिरूर भागात एका रात्रीत किती मेंढ्या गारठून गेल्या ते तुम्हाला सांगायला नको. लोकर कातरणीच्या आधी हवामान खात्याच्या मेघदूत अॅपवर पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बघा, पावसाची चिन्हं असतील तर कातरणी पुढं ढकला. वाघर (मेंढ्या रात्री कोंडायची जाळी) ओढ्याच्या काठाला लावू नका, वाऱ्याच्या आड उंचवट्यावर लावा, बिऱ्हाडात एक ताडपत्री कोकरांसाठी जादा ठेवा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन मेंढी दगावते तो रोग) लस पावसाआधी टोचून घ्या. मेंढ्या दगावल्याच तर तलाठी आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा पंचनामा होईपर्यंत पुरू नका, फोटो काढून ठेवा.

सरकारच्या महामेष योजनेत भटक्या मेंढपाळ कुटुंबाला जून ते सप्टेंबर महिन्याला ६,००० असं २४,००० रुपये चराई अनुदान आहे, अटी बघून अर्ज करा. आणि वनातल्या चराईचा वाद असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, त्याचा दावा ग्रामसभेतनंच सुरू होतो, एकट्याने वनरक्षकाशी भांडून काही होत नाही. दाव्याला पुरावा म्हणून जुन्या चराईच्या पावत्या कुणाच्या घरी असतील तर उंदरांनी खायच्या आत झेरॉक्स काढून ठेवा.